धन्य थॉमस तोलेन्तीनो : ठाण्याच्या खाडीकांठचे रक्तसाक्षी



देवळाचा महोत्सव आला म्हणजे आपण मागें वळून पाहतों, आणि बहुधा आपली दृष्टि पोर्तुगीज अमदानीपर्यंत जाऊन थांबते. १५३४ सालीं वसईचा तह झाला, साष्टी बेट पोर्तुगिजांच्या हातीं गेलें, त्यांच्या मागून धर्मगुरु आले, देवळें उभीं राहिलीं व आपल्या पूर्वजांनीं बाप्तिस्मा घेतला. एवढीच कथा आपण मुलांना सांगत आलों आहों. ती कथा खोटी नाहीं, पण अपुरी आहे. त्या तहाच्या २१३ वर्षें आधीं, म्हणजे १३२१ च्या एप्रिल महिन्यांत, आपल्या शेजारच्या ठाणें शहरांत चार ख्रिस्ती संन्याशांनीं श्रद्धेसाठीं प्राण दिले. त्या चौघांचे वडील व पुढारी म्हणजे तोलेन्तीनोचे धन्य थॉमस. त्यांचें चरित्र या स्मरणिकेच्या वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

संत गोन्सालो गार्सिया यांचें नांव आपल्याकडे घरोघरीं घेतलें जातें. वसईंत जन्मलेले हे फ्रान्सिस्कन बंधु १५९७ सालीं जपानांत नागासाकी येथें क्रुसावर मरण पावले व १८६२ सालीं संतमालिकेंत गणले गेले. परंतु त्यांच्याही मरणाच्या २७६ वर्षें आधीं, त्याच संघाचा झगा अंगावर असलेले थॉमस आपल्या खाडीच्या कांठीं मारले गेले, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. आपल्या भूमीचा एक पुत्र परमुलुखांत जाऊन रक्तसाक्षी झाला; परमुलुखाचा एक पुत्र आपल्या भूमींत येऊन रक्तसाक्षी झाला. पहिल्याचा आपण अभिमान बाळगतों. दुसऱ्याचें आपणांवर ऋण आहे.

जन्म व संघप्रवेश

इटली देशाच्या मध्यभागीं, आड्रियाटिक समुद्राच्या अंगास, मार्के नांवाचा डोंगराळ प्रांत आहे. त्यांतील तोलेन्तीनो ह्या गांवीं १२५५ ते १२६० च्या दरम्यान थॉमस यांचा जन्म झाला. असीसीचे संत फ्रान्सिस १२२६ सालीं निवर्तले होते. त्यांस प्रत्यक्ष पाहिलेलीं माणसें अद्याप हयात होतीं. थॉमस यांनीं तरुणपणींच फ्रान्सिस्कन संघांत प्रवेश केला.

तो काळ संघाला शांततेचा नव्हता. घर, जमीन, पैसा ह्यांपैकीं कांहींच आपलें म्हणून ठेवूं नये, अशी शिस्त संत फ्रान्सिस यांनीं आपल्या बंधूंस घालून दिली होती. पुढें संघ वाढला, हजारों बंधु झाले, मोठाले मठ बांधले गेले; आणि मूळची गरिबी किती कडकपणें पाळावी ह्यावरून संघांत दोन तट पडले. एकाचें म्हणणें असें कीं, एवढा मोठा संसार चालवावयाचा तर थोडी सोय पाहिलीच पाहिजे. दुसऱ्याचें म्हणणें असें कीं, ज्या दिवशीं सोय शिरली त्या दिवशीं फ्रान्सिस गेले. मार्के प्रांतांत हा दुसरा पक्ष बळावला, व तरुण थॉमस त्यांत सामील झाले.

पहिली सत्तापरीक्षा

१२७४ सालीं फ्रान्सांतील ल्यों शहरीं धर्मसभेची महापरिषद भरली. पोपमहाशय भिक्षु संघांस मालमत्ता धारण करण्याची सक्ती करणार, अशी आवई मार्के प्रांतांत येऊन थडकली. तसा हुकूम निघालाच, तर तो आम्हांस मानतां येणार नाहीं, असें कांहीं बंधूंनीं उघडपणें सांगितलें. हुकूम निघाला नाहीं; परंतु न निघालेल्या हुकुमाचा आगाऊ अवमान केला म्हणून प्रांताच्या वरिष्ठांनीं त्यांस दोषी ठरविलें. थॉमस व त्यांचे सोबती बंदींत टाकले गेले. ही कैद जन्मभराची होती; पायांत बेड्या होत्या, आणि भक्तजनांस त्याहूनही असह्य वाटावें असें म्हणजे, त्यांस संस्कारही नाकारले गेले.

१२८९ सालीं रेमंड नांवाचे नवे महावरिष्ठ निवडले गेले. ते मार्के प्रांतीं आले व ह्या बंदिवानांचा अपराध काय, अशी त्यांनीं चौकशी केली. गरिबीवर अतिरेकी प्रेम, एवढेंच उत्तर त्यांस मिळालें. तेव्हां आपल्या साऱ्या संघाच्या माथीं हाच अपराध असता तर बरें झालें असतें, असें म्हणून त्यांनीं त्यांची सुटका केली.

ह्या प्रसंगीं वाचकांनीं क्षणभर थांबावें. सत्तेशीं थॉमस यांचा पहिला झगडा कोणा परधर्मी सुलतानाशीं झाला नाहीं. तो त्यांच्याच घरांत, त्यांच्याच वडील बंधूंशीं झाला. सुटल्यावर त्यांनीं कोणावर सूड उगविला नाहीं कीं संघ सोडला नाहीं. त्यांच्या सोबत्यांपैकीं कांहींनीं पुढें वेगळी चूल मांडली. थॉमस मात्र मरेपर्यंत ज्या संघानें त्यांस कोंडलें होतें त्याच संघाचे बंधु राहिले. मनास पटलें नाहीं तें त्यांनीं मान्य केलें नाहीं, आणि मान्य केलें नाहीं म्हणून नातें तोडलें नाहीं. धर्मग्रामाच्या कारभारांत लहानसहान मानापमानावरून देवळाची पायरी न चढण्याची शपथ घेणाऱ्यांनीं हें मनन करण्याजोगें आहे.

राजांच्या दरबारीं

ह्या बंधूंस मार्के प्रांतांत ठेवल्यास जुनें वैर पुन्हां पेटेल, हें रेमंड यांनीं ओळखलें. आणि आर्मेनियाच्या राजानें धर्मप्रसारक मागितले होते, म्हणून त्यांस तिकडे धाडिलें. हें आर्मेनियाचें राज्य त्या वेळीं आजच्या तुर्कस्तानाच्या दक्षिण किनाऱ्यावर, सिलिशिया प्रांतांत होतें. तेथें १२८९ सालीं दुसरा हेथूम गादीवर आला होता. हा राजा ह्या भणंग संन्याशांवर इतका लुब्ध झाला कीं, पुढें त्यानें स्वतः राजवस्त्रें उतरवून फ्रान्सिस्कन झगा अंगावर चढविला.

परंतु राज्य संकटांत होतें. १२९१ सालीं इजिप्तच्या ममलूक सुलतानानें आक्रा शहर जिंकलें, व सीरियाच्या किनाऱ्यावरील फिरंग्यांचा शेवटचा मोठा आधार कोसळला. आतां पाळी आर्मेनियाची, हें सर्वांस दिसत होतें. हेथूमनें आपले वकील म्हणून थॉमस व त्यांचे एक सोबती ह्यांस पश्चिमेकडे पाठविलें. पोप चौथे निकोलस हे स्वतः फ्रान्सिस्कन संघांतून आलेले पहिले पोप. त्यांच्या दरबारीं, त्याचप्रमाणें फ्रान्सचा राजा चौथा फिलिप व इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड ह्यांच्याकडे मदतीची याचना करण्याचें काम ह्या वकिलातीचें होतें. कालचा बेडीवाला कैदी आज राजांचा वकील झाला होता.

येथें एका दुसऱ्या थॉमसची आठवण होणें साहजिक आहे. ज्या एडवर्ड राजाकडे ही याचना गेली, त्याचा पणजा दुसरा हेन्री. ह्याच हेन्रीच्या चार सरदारांनीं २९ डिसेंबर ११७० रोजीं कॅन्टरबरीच्या महादेवळांत शिरून आर्चबिशप थॉमस बेकेट यांस वेदीजवळ ठार केलें. बेकेट हे पूर्वीं राजाचे जिवलग मित्र व मुख्य कारभारी होते. आर्चबिशप झाल्यावर धर्मसभेचे हक्क राजाच्या हवालीं करण्याचें त्यांनीं नाकारिलें, सहा वर्षें परदेशीं काढिलीं, आणि परत आल्यावर महिन्याभरांतच त्यांचा वध झाला. तीन वर्षांच्या आंत ते संत म्हणून जाहीर झाले. आणि ११७४ सालीं तोच राजा अनवाणी चालत त्यांच्या कबरेशीं आला व त्यानें आपल्या पाठीवर फटके मारून घेतले. बेकेट यांस पदवी होती, जमिनी होत्या, मागें धर्मपीठाचें सारें बळ होतें. आपल्या थॉमसपाशीं एक झगा व एक दोरी एवढेंच होतें. तरी राजसत्तेपुढें दोघांच्या वांट्यास एकच प्रश्न आला : राजाला काय द्यावयाचें, आणि काय द्यावयाचें नाहीं?

मागितलेली मदत आर्मेनियास मिळाली नाहीं. राजांनीं आपापलीं युद्धें पाहिलीं. थॉमस पूर्वेकडे परतले. हेथूम कधीं राज्य सोडी, कधीं पुन्हां हातीं घेई; अखेर १३०७ सालीं एका मोंगल सरदारानें दगा देऊन त्यास ठार केलें. राजगादीच्या आधाराची किंमत थॉमस यांनीं अशी जवळून पाहिली.

चीनची हांक

त्याच सुमारास पूर्वेच्या टोंकाकडून एक वार्ता आली. मोन्तेकोर्विनोचे योहान नांवाचे एक फ्रान्सिस्कन भारतमार्गें चीन देशीं पोहोंचले होते. वाटेंत मैलापूरच्या बाजूस ते १३ महिने राहिले होते. आज ज्यास बीजिंग म्हणतात त्या खानबालिक शहरीं, मोंगल सम्राटाच्या राजधानींत, त्यांनीं एकट्यानें देऊळ बांधलें, मुलांस गायन शिकविलें, हजारों लोकांस बाप्तिस्मा दिला. आणि आपल्या पत्रांतून मदतीस माणसें मागितलीं. हीं पत्रें पश्चिमेस पोहोंचविण्याचें काम थॉमस यांनीं अंगावर घेतलें. १३०७ सालीं फ्रान्सांतील प्वातिए येथें पोप पांचवे क्लेमेंट व त्यांचे कार्डिनल ह्यांच्या सभेपुढें त्यांनीं चीनमधील कार्याची हकीकत निवेदन केली. तिचें फळ ताबडतोब मिळालें. योहान यांस खानबालिकचे आर्चबिशप नेमण्यांत आलें, आणि त्यांच्या अभिषेकासाठीं सात फ्रान्सिस्कनांस बिशपपद देऊन पूर्वेकडे रवाना करण्यांत आलें. त्यांतले तिघेच चीनपर्यंत पोहोंचले.

जेथें जाण्यासाठीं त्यांनीं दुसऱ्यांस उठविलें, तेथें आपणही जावें ही ओढ थॉमस यांच्या मनांतून गेली नाहीं. १३२० च्या सुमारास, वयाचीं साठ वर्षें उलटल्यावर, ते त्या प्रवासास निघाले. बरोबर पादुआचे जेम्स व सिएनाचे पीटर हे दोघे फ्रान्सिस्कन होते. तिफ्लिसचे दिमित्रियस हे पूर्वेकडील भाषा जाणणारे बंधु दुभाषाचें काम करीत. फ्रान्स देशचे जॉर्डन कातालानी नांवाचे एक डोमिनिकन धर्मगुरुही त्यांच्या संगतीस होते. हुर्मुझ बंदरावरून मलबारांतील कोल्लमकडे व तेथून चीनकडे, असा त्यांचा बेत होता. त्या काळचीं जहाजें लोखंडाचा खिळा न मारतां दोरीनें शिवलेलीं असत. ह्याच मार्गानें मागाहून आलेले ओडोरिक नांवाचे फ्रान्सिस्कन प्रवासी हुर्मुझहून ठाण्यास २८ दिवसांत आल्याचें लिहितात. थॉमस यांच्या मंडळीस मात्र ठाण्यास यावयाचें नव्हतें. कोल्लमऐवजीं जहाजानें त्यांस ठाण्याच्या बंदरीं आणून सोडिलें. मनुष्य बेत करतो एक. देवाच्या मनांत असतें दुसरें.

त्या वेळचें ठाणें

देवगिरीच्या यादवांचें राज्य नुकतेंच लयास जाऊन कोंकणची ही पट्टी दिल्लीच्या अमलाखालीं आली होती. खुद्द दिल्लींत खिलजी घराणें रक्तपातांत बुडालें, व १३२० सालीं गयासुद्दीन तुघलक तक्तावर बसला. सत्ता नवी होती, आणि राजधानी दूर होती. अशा ठिकाणीं हाताखालचा अंमलदार दुबळा असला म्हणजे त्याच्या कानाशीं लागणाऱ्यांचें फावतें. ठाण्याचा कारभार एका मलिकाकडे होता व न्यायनिवाडा काजीकडे.

ह्या शहरांत तेव्हांही ख्रिस्ती लोक होते, ही गोष्ट आपण विशेष ध्यानांत ठेवावी. ओडोरिक त्यांचीं १५ घरें सांगतात. ते इराणकडील पूर्वेच्या धर्मसभेचे, ज्यांस नेस्टोरियन म्हणत, त्या पंथाचे होते. त्याहीपूर्वीं, सहाव्या शतकांत, कॉस्मस नांवाच्या प्रवाशानें कल्लियाना येथें इराणांत अभिषेक झालेला बिशप असल्याचें लिहिलें आहे, व हें स्थळ म्हणजे आपलें कल्याण असें अनेक विद्वान मानतात. अशाच एका ख्रिस्ती कुटुंबानें थॉमस व त्यांच्या सोबत्यांस आसरा दिला. पंथ वेगळा होता, तरी दारीं आलेल्या पाहुण्यांस त्यांनीं परत लावलें नाहीं. सोपारा व त्यापलीकडील भागांतही ख्रिस्ती लोक आहेत असें कळल्यावरून जॉर्डन तिकडे गेले. चौघे फ्रान्सिस्कन ठाण्यास राहिले.

एका स्त्रीची फिर्याद

पुढील संकटाचा आरंभ धर्माच्या वादानें झाला नाहीं. ज्या घरीं पाहुणे उतरले होते, तेथें नवराबायकोचें भांडण होऊन नवऱ्यानें बायकोस मारहाण केली. त्या माउलीनें गप्प न बसतां काजीकडे दाद मागितली. पुरावा काय, असें काजीनें विचारतांच तिनें सांगितलें कीं, घरांत चार फिरंगी धर्मगुरु राहतात, त्यांनीं सर्व पाहिलें आहे. तेथें आलेक्सान्द्रियाचा यूसुफ नांवाचा एक मनुष्य बसला होता. हे लोक विद्वान व शास्त्र जाणणारे असतात, त्यांस बोलावून वाद करावा, असें त्यानें काजीस सुचविलें. झालें, मारहाणीचा खटला बाजूस पडला. तिची फिर्याद कथेच्या ओघांत कोठें हरवली ती पुन्हां दिसत नाहीं. बलवानांच्या वादांत दुबळ्यांचें गाऱ्हाणें असेंच हरवतें, आणि तें हरवूं न देणें हें आपल्यासारख्यांचें काम आहे.

सामानाच्या राखणीसाठीं पीटर घरीं थांबले. थॉमस, जेम्स व दिमित्रियस काजीपुढें उभे राहिले. प्रभु येशू ख्रिस्ताच्या देवपणाविषयीं प्रश्न निघाले, व थॉमस यांनीं दाखले देऊन त्यांचीं उत्तरें दिलीं. तेव्हां काजीनें निराळा डाव टाकला. पैगंबर महंमदांविषयीं तुमचें मत काय, असें त्यानें विचारिलें. ख्रिस्ताविषयीं आम्हीं सांगितलें आहे, त्यावरून बाकीचें तुम्हींच समजा, अशा अर्थाचें उत्तर देऊन त्यांनीं तो प्रश्न टाळून पाहिला. काजी सोडीना. पुन्हां पुन्हां तेंच विचारलें जाऊं लागलें, तेव्हां थॉमस यांनीं उघड व कठोर शब्दांत नकार बोलून दाखविला. जमाव खवळला.

त्या शब्दांविषयीं आज आपण काय म्हणावें? मीरा-भाईंदरसारख्या ठिकाणीं, जेथें देवळाची घंटा, मशिदीची बांग आणि मंदिराची आरती एकाच वाऱ्यावर येते, तेथें शेजाऱ्याच्या श्रद्धास्थानाविषयीं कटु बोलणें हा धर्म नव्हे, आणि त्या कटुपणाचें अनुकरण धन्य थॉमस यांच्या नांवावर कोणीं करूं नये. त्यांनीं ते शब्द आपण होऊन उच्चारले नाहींत. ते त्यांच्याकडून काढून घेण्यांत आले, आणि ते काढून घेणाऱ्यास उत्तर नको होतें, निमित्त हवें होतें. आपण घ्यावयाचें तें इतकेंच कीं, जीव वांचविण्यासाठीं त्यांनीं जिभेवर खोटें येऊं दिलें नाहीं.

अग्निपरीक्षा

तिघांस भर उन्हांत बांधून ठेवण्यांत आलें. आपल्याकडील एप्रिलचें ऊन काय असतें हें वाचकांस सांगावयास नको. सकाळपासून तिसऱ्या प्रहरापर्यंत ते तसेच उभे होते, तरी त्यांच्या मुखीं देवाची स्तुति चालूच होती. मग मैदानांत मोठी आग पेटविण्यांत आली. तुमचा धर्म खरा असेल तर आगींत शिरा, अशी आज्ञा झाली. वडील म्हणून थॉमस पुढें सरसावले. पण तूं म्हातारा आहेस, तुझ्याजवळ कांहीं मंत्रतंत्र असेल, असें म्हणून काजीनें त्यांस अडविलें, व जेम्स यांस आगींत लोटण्यांत आलें. ओडोरिक यांच्या वृत्तांतांत असें आहे कीं, जेम्स ज्वाळांच्या मध्यें प्रार्थना करीत उभे राहिले व त्यांच्या केंसासही धक्का लागला नाहीं. दुसऱ्यांदा वस्त्रें काढून, अंगास तेल चोपडून, अधिक मोठी आग करून त्यांस लोटिलें. तरी ते सुखरूप बाहेर आले. जमलेले लोक, हे देवाचे भक्त आहेत, ह्यांस त्रास देणें पाप आहे, असें म्हणूं लागले. हे लोक ठाण्याचेच रहिवासी होते, हें विसरूं नये.

मलिकाचें मनही विरघळलें. तुम्हांस माझ्याकडून भय नाहीं, पण काजी तुमच्या जिवावर उठला आहे; येथून लवकर निघून जा, असें त्यानें त्यांस सांगितलें. एका ख्रिस्ती मनुष्यानें त्यांस पाणी ओलांडून पलीकडच्या वस्तींत नेऊन ठेविलें. परंतु रात्रीं काजी मलिकाकडे गेला. हे जिवंत राहिले तर सारे लोक त्यांच्या मागें जातील, अशी भीति त्यानें घातली. ज्यांस दुपारीं निर्दोष म्हणून सोडिलें, त्यांच्याच वधासाठीं मलिकानें मध्यरात्रीं मारेकरी धाडिले. पिलातानें हात धुतले होते. ह्यानें तेवढेंही केलें नाहीं. क्रूरापेक्षां भित्रा अधिकारी कित्येकदां अधिक घातक ठरतो, हा धडा जेरुसलेमांत दिसला तसाच ठाण्यांतही दिसला.

तो गुरुवार होता, १३२१ च्या एप्रिलची ९ तारीख. तीन दिवसांनीं झावळ्यांचा रविवार होता. मारेकरी आले तेव्हां तिघेही जागे होते. थॉमस, जेम्स व दिमित्रियस यांचीं मस्तकें तरवारीनें उडविण्यांत आलीं. घरीं राहिलेले पीटर मागाहून पकडले गेले. त्यांस श्रद्धा सोडण्याविषयीं आमिषें दाखविण्यांत आलीं, छळ करण्यांत आला, आणि शनिवारीं, ११ एप्रिल रोजीं, त्यांचाही वध झाला. चीनला जावयास निघालेले चौघे ठाण्यासच मुक्कामीं पोहोंचले.

अस्थींचा प्रवास

ही बातमी ऐकून जॉर्डन परतले. आपल्या सोबत्यांचे देह त्यांनीं सोपाऱ्यास नेले व तेथील ख्रिस्ती देवळांत त्यांचें दफन केलें. ठाण्याहून सोपाऱ्याच्या अंगास जाणारी खाडी घोडबंदर व भाईंदर ह्यांच्या कांठावरूनच समुद्रास मिळते. म्हणून ही कथा आपणांस दूरची वाटण्याचें कारण नाहीं. त्याच वर्षाच्या ऑक्टोबर महिन्यांत जॉर्डन यांनीं इराणांतील धर्मबंधूंस पत्र लिहून सर्व वृत्तांत कळविला व मदतीस माणसें मागितलीं. सोबती गेले, परभाषा, परमुलूख, शरीर व्याधींनीं जर्जर. तरी ते येथून हालले नाहींत. ठाणें, सोपारा व उत्तरेकडील किनारा ह्या भागांत त्यांनीं शंभराहून अधिक लोकांस बाप्तिस्मा दिला. पुढें १३२९ सालीं पोप बाविसावे योहान यांनीं त्यांस कोल्लमचे बिशप नेमिलें, व भारतांतील पहिलें लॅटिन धर्मप्रांत त्यांच्या हातीं सोंपविलें.

दरम्यान ओडोरिक ठाण्यास आले. त्यांनीं सोपाऱ्याच्या कबरी उघडून अस्थि बरोबर घेतल्या, आणि जहाजानें चीनमधील झैतून, म्हणजे आजचें च्वानचौ, ह्या बंदरीं आपल्या संघाच्या मठांत नेऊन ठेविल्या. जिवंतपणीं जेथें पोहोंचतां आलें नाहीं तेथें थॉमस मरणानंतर पोहोंचले. त्यांचें मस्तक मात्र तोलेन्तीनोस गेलें, व तेथील महादेवळांत तें भक्तिभावानें जतन करण्यांत आलें. १८९४ सालीं पोप तेरावे लिओ यांनीं त्यांच्या पूजनास अधिकृत मान्यता दिली. ९ एप्रिल हा त्यांचा स्मरणदिन.

मलिकाचें काय झालें, तेंही ओडोरिक सांगतात. निरपराध परदेशी भक्तांचा वध झाल्याचें दिल्लीच्या बादशहास कळलें, तेव्हां त्यानें मलिकास पकडून आणविलें, जाब विचारिला व देहान्त शिक्षा दिली. काजी पळून गेला. म्हणजे ज्यानें ह्या अन्यायाचा न्याय केला तोही मुसलमान बादशहाच होता. ह्या रक्ताचा बोजा कोणा एका समाजाच्या माथीं मारूं पाहणाऱ्यानें ही गोष्ट वाचावी. हें रक्त सांडिलें एका कपटी न्यायाधीशानें आणि एका भित्र्या अधिकाऱ्यानें. आणि असे न्यायाधीश व असे अधिकारी प्रत्येक धर्मांत व प्रत्येक काळांत जन्मास येतात. थॉमस यांस त्यांच्याच धर्माच्या वरिष्ठांनीं कित्येक वर्षें कोंडून ठेविलें होतें, हें आपण वर पाहिलेंच आहे.

आपणांसाठीं

थॉमस यांनीं सत्तेचा द्वेष कधीं केला नाहीं. राजाची वकिलात केली, पोपमहाशयांपुढें विनंती केली, काजीनें बोलावल्यावर पळून न जातां ते हजर झाले. जें सत्तेचें तें त्यांनीं सत्तेस दिलें. एक वस्तु मात्र त्यांनीं कोणाच्याच हातीं दिली नाहीं, वरिष्ठांच्या नाहीं कीं मलिकाच्या नाहीं. ती म्हणजे सदसद्विवेकबुद्धि. ती देवाची ठेव आहे, आणि ठेव विकण्याचा अधिकार राखणदारास नसतो. आज आपणांपैकीं कोणास आगींत शिरावयास कोणी सांगत नाहीं. पण नोकरींत खोट्या कागदावर सही करावयास सांगतात. शेजारणीस मार बसतांना ऐकूं आला तरी साक्षीस जाऊं नको म्हणून घरचींच माणसें सांगतात. जमिनीच्या व्यवहारांत दुबळ्या भावाचा हिस्सा दडवावयास आपलाच लोभ सांगतो. त्या वेळीं ठाण्याच्या मैदानांतील तो वृद्ध संन्यासी आठवावा.

महोत्सवाच्या निमित्तानें देवळास नवा रंग लागला, दिवे लागले, ही आनंदाची गोष्ट आहे. त्याबरोबर एवढें करावें : येत्या ९ एप्रिलला आपल्या घरीं संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळीं ह्या चौघांचीं नांवें मुलांच्या तोंडून वदवावीं, आणि ज्या बाईच्या फिर्यादीनें ही कथा सुरू झाली, तिच्यासारख्या अन्याय सोसणाऱ्या स्त्रियांसाठींही एक प्रार्थना करावी. आपल्या किनाऱ्यावरील श्रद्धा किती जुनी आहे व तिची किंमत कोणीं कशी मोजली, हें मुलांस घरींच कळेल.

धन्य थॉमस व सोबती रक्तसाक्षी, आमच्या धर्मग्रामासाठीं व ह्या खाडीकांठच्या सर्व लोकांसाठीं देवाजवळ विनंती करा.